क्रिकेटच्या पोरांची बेसबॉल टीम करायचीय? मग ओहतानी जरा बाजूला ठेवा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऐरोलीच्या शाळेत तुम्ही पीटी घेता, स्वतः क्रिकेटवाले, यंदा शाळेने जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या (डीएसओ) स्पर्धेला बेसबॉलची टीम उतरवायचं ठरवलंय. अंडर-१४ ची एकूण सोळा-सतरा पोरं, सगळी क्रिकेटची, ग्लोव्ह सात, मैदान अर्धं कारण अर्ध्यावर फुटबॉल चालू असतं, आणि पोरं मोबाईलवर अमेरिकेत खेळणाऱ्या जपानी ओहतानीचे होमरन (आपल्या षटकारासारखे) बघून येतात नि दर बॉलला जीव खाऊन बॅट फिरवतात. कुठल्या प्लेयरचे व्हिडिओ दाखवू आणि प्रॅक्टिसला नक्की काय घेऊ, असं विचारलंय. मी स्वतः शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड नि थर्ड बेसच्या मध्ये, खेळायचो, नंतर ठाण्यात बरीच वर्षं सॉफ्टबॉल-बेसबॉलची पोरं बघतोय, त्यामुळे मतं जरा ठाम आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

पहिलं मत. आपल्याकडच्या शाळेच्या मॅचमध्ये होमरन मारून कोणी जिंकत नाही, वॉक देऊन (चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट फर्स्ट बेस) आणि वाकडे थ्रो मारून टीम हरतात. साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला बॉल, येतो, शॉर्टस्टॉप धरतो, घाईत फर्स्टला फेकतो, बॉल फर्स्टवाल्याच्या डोक्यावरून कंपाउंडला जातो आणि जो आउट व्हायचा तो बॅटर थर्डवर उभा राहून हसतो. तुम्ही कुठल्याही शालेय मॅचचं स्कोअरशीट घेऊन बसा, निम्मे रन असेच गेलेले दिसतील. म्हणून माझं म्हणणं एकच, पहिल्या दोन महिन्यांत प्रॅक्टिसचा निम्म्याहून जास्त वेळ थ्रो आणि कॅचला द्या, बॅट नंतर. पोरं कुरकुर करतील, करू द्या.

आता प्लेयर. ओहतानीवर माझा राग नाही, असा माणूस परत होईल का शंकाच आहे. पण पोरं त्याचं काय बघतात तर बॉल स्टँडमध्ये जाताना. २०२४ मध्ये त्याने ५४ होमरन मारले हे सगळ्यांना पाठ, त्याच सीझनला ५९ बेस चोरले, म्हणजे पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला, हे विचारा, निम्म्यांना माहीत नसतं. ते ५९ दाखवा. लीड किती घेतो, म्हणजे बेस सोडून किती पुढे उभा राहतो, पिचरचा पाय हलला की पहिलं पाऊल कसं टाकतो, स्लाइड कुठून सुरू करतो. ही गोष्ट ऐरोलीचं पोर उद्यापासून करू शकतं, होमरन नाही करू शकत. आणि जे पोर म्हणतं ‘सर मी पण पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणार’ त्याला हेही सांगा की त्या सीझनला ओहतानीने मॅचमध्ये एकही बॉल पिच केला नव्हता, कारण २०२३ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते दुसरं, पहिलं २०१८ मध्ये. शाळेच्या लेव्हलला दोन्ही करायला हरकत नाही, सगळेच करतात, पण कोपराचा हिशोब ठेवायला लागतो, त्यावर खाली येतोच.

जपानचाच इचिरो सुझुकी दाखवा, पण अर्धाच. २००४ मध्ये त्याने सीझनला २६२ हिट मारले, जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा रेकॉर्ड मोडला, आणि त्या २६२ मध्ये २२५ सिंगल, म्हणजे फक्त फर्स्टपर्यंत नेणारे, होते. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा सर, खरंच. होमरनचं भूत उतरवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. मात्र त्याचा स्विंग शिकवू नका. तो बॉल लागायच्या आधीच फर्स्टच्या दिशेने निघालेला असतो, ते त्याचं त्यालाच जमतं, आपली पोरं ते करायला गेली की नुसती पुढे कलंडतात. त्याचा एप्रिल २००१ चा ओकलंडमधला थ्रो मात्र दहा वेळा दाखवा, राइट फिल्डमधून, म्हणजे उजवीकडच्या बाउंड्रीकडून, थर्डला, टेरेन्स लाँग फर्स्टवरून थर्डला पळत होता त्याला आउट केला तो. बॉलकडे पळत येणं, उचलतानाच पाय जुळवणं, एक उडीचं पाऊल आणि मग डोक्याच्या वरून सरळ रेषेत फेक. आपली पोरं बाउंड्रीवरून फेकतात तेव्हा बॉल आकाशात जातो, दिसायला भारी वाटतं, पण तेवढ्यात रनर एक बेस जास्त खातो.

पिचरना ग्रेग मॅडक्स. १९९२ ते १९९५ सलग चार साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस), एकूण ३५५ विजय, आणि वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १८ गोल्ड ग्लोव्ह, उत्तम फिल्डिंगचं बक्षीस ते. बॉल सुटल्यावर तो लगेच फिल्डर झालेला असतो, दोन्ही पायांवर, ग्लोव्ह समोर. आपले पिचर बॉल टाकून फास्ट बॉलरसारखे फॉलोथ्रूमध्ये बाजूला निघून जातात, मग समोर आलेला बंट, म्हणजे बॅटने हळूच अडवून टाकलेला बॉल, कोण उचलणार?

यँकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जेटर याचा हवेत उडी मारून केलेला थ्रो अजिबात दाखवू नका. दिसतो झकास, पण चौदा वर्षांच्या पोराच्या हातात तेवढी ताकद नसते आणि एकदा नाद लागला की साध्या बॉलवरही उड्या मारतात. तेच जाँटी ऱ्होड्सचं. १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये इंझमामला त्याने उडी मारून रनआउट केला तो सगळ्या क्रिकेट कोचनी दाखवून दाखवून पोरांना डाइव्हचं वेड लावलंय, तुम्हीही दाखवला असणार. बेसबॉलच्या इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या भागात, डाइव्ह म्हणजे बहुतेक वेळा पाय उशिरा हलले याचा पुरावा असतो.

आणि सगळ्यात कामाचा माणूस पोरांना माहीतच नसतो, तो म्हणजे रॉन वॉशिंग्टन. प्लेयर म्हणून फार मोठा नाही, पण इनफिल्ड कोच म्हणून माझ्या मते त्याच्यासारखा नाही. मोठमोठ्या करोडपती प्लेयरना गुडघ्यावर बसवतो, हातात छोटा सपाट ग्लोव्ह देतो आणि समोरून हळूहळू बॉल सोडत राहतो, रोज, मॅचच्या आधी. ओकलंडचा थर्ड बेसवाला एरिक चावेझ याने आपला एक गोल्ड ग्लोव्ह उचलून या माणसाला देऊन टाकला होता, यावरून काय ते समजा. मार्कस सेमिअनने २०१५ मध्ये ओकलंडला शॉर्टस्टॉप खेळताना ३५ एरर (फिल्डिंगच्या चुका) केले होते, त्याच सीझनमध्ये वॉशिंग्टन तिथे आला आणि त्याला धरून बसला, आणि २०२१ मध्ये त्याच सेमिअनने सेकंड बेसला गोल्ड ग्लोव्ह घेतला. ३५ एररवाल्याला हाकलून दुसरा आणायचं सोडून त्याला गुडघ्यावर बसवला, हे मला फार आवडतं.

तर तुमची प्रॅक्टिस इथून सुरू करा. सात ग्लोव्हची चिंता नको, या ड्रिलला ग्लोव्ह लागतच नाही. दोघादोघांच्या जोड्या, तीन-चार मीटरवर समोरासमोर गुडघ्यावर, टेनिस बॉल, उघडे हात. एकाने बॉल सोडायचा, दुसऱ्याने डोळ्यांसमोर, शरीराच्या पुढे धरायचा. पुढे म्हणजे खरंच पुढे, पोटाखाली नाही. चार दिवसांनी डाव्या हातात जुनी रबरी चपल घालायला सांगा, पट्ट्यात बोटं अडकवून. त्याने बॉल पकडता येत नाही, नुसता थांबवता येतो, म्हणून दुसरा हात आपोआप मदतीला येतो आणि हात मऊ राहतात. वॉशिंग्टनचा सपाट ग्लोव्ह म्हणजे हाच प्रकार, फक्त त्याला पैसे पडतात. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो तेव्हा शाळेच्या कॉरिडॉरमध्ये हेच घ्या, बाईंनी आवाजाची तक्रार केली तर टेनिस बॉल आहे म्हणायचं. नंतर शॉर्ट हॉप, म्हणजे बॉल हाताच्या बरोबर पुढे टप्पा पडेल असा टाकायचा, पोरं मान फिरवतात, ती फिरवू द्यायची नाही.

क्रिकेटवाल्यांची एक सवय मोडावी लागते ती लाँग बॅरिअरची. एक गुडघा टेकून बॉलमागे शरीर लावायचं, चौकार वाचवायला बरोबर आहे, पण इथे नुसता अडवून भागत नाही, फर्स्टला पोचायच्या आधी आउट करायचंय, आणि गुडघा टेकला की उठून फेकेपर्यंत रनर गेलेला असतो. इनफिल्डमध्ये पाय फाकलेले, नितंब खाली, ग्लोव्ह जमिनीला लागलेला आणि बॉलची वाट न बघता त्याच्याकडे जायचं. कॅचचंही तेच, कमरेच्या वर आला तर बोटं वर, खाली आला तर बोटं खाली, क्रिकेटमध्ये छातीपाशी हात मागे ओढून घेतात तसं ग्लोव्हने करायला गेलं की बॉल मनगटावर बसतो. खेळाडूपेक्षा कोचला याचा कंटाळा लवकर येतो, तुम्ही तेवढा येऊ देऊ नका.

थ्रो. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ च्या आसपास, म्हणजे हा हलका पण किंचित मोठा. शिवण दोन धनुष्यांसारखी वळलेली असते, तिच्या आडव्या भागावर दोन बोटं आणि खाली अंगठा, याला फोर-सीम ग्रिप म्हणतात, फिल्डरने दर वेळी हीच घ्यायची म्हणजे बॉल सरळ जातो. छोट्या हाताच्या पोरांना तीन बोटं चालतील. क्रिकेटची पोरं इनर सर्कलमधून बाजूने, कोपर खाली ठेवून झटक्यात फेकतात, ते सोडवायला आधी दोन्ही गुडघ्यांवर बसून दहा मीटरवर, मग एक गुडघा, मग उभं राहून, मग एका पावलाने, असं हळूहळू अंतर वाढवत न्या. रोज पहिली पंचवीस मिनिटं हेच, आणि यात गप्पा नाहीत. छातीवर थ्रो आला तर दोन मार्क, डोक्याला-कमरेला एक, बाकी शून्य, जोडीजोडीत स्पर्धा लावा, मग बघा कसे जीव लावून फेकतात.

अर्ध्या मैदानात फोर कॉर्नर करता येतं. खऱ्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७ मीटरच्या जरा वर. तुमच्या अंडर-१४ ला किती ते स्पर्धेच्या नियमपत्रकात बघा. तुम्ही अठरा मीटरचा चौकोन आखा. चारही कोपऱ्यांवर पोरं, होम-फर्स्ट-सेकंड-थर्ड असा बॉल फिरवायचा, फेकलं की ज्याला फेकलं त्याच्या मागे पळत जाऊन रांगेत उभं राहायचं, सलग वीस थ्रो न सुटता झाले पाहिजेत, सुटला की एकपासून. ग्लोव्ह चारच लागतात, उरलेले तीन दुसऱ्या गटाला. पहिल्या आठवड्यात वीस होणारच नाहीत, सातावर थांबतील, आणि एकोणिसाव्याला सुटल्यावर जी बोंब होते ना, तेव्हा टीम तयार व्हायला लागली असं धरा.

पिचर कोणाला करायचा? तुम्ही फास्ट बॉलर निवडाल, सगळे तेच करतात. करू नका. हात सरळ ठेवून बॉलिंग आणि कोपर वाकवून पिचिंग यात शरीर वेगळ्या पद्धतीने चालतं. डीप मिडविकेटवरून ज्याचा थ्रो सरळ कीपरच्या हातात येतो तो पोरगा घ्या, आणि शाळेत कोणी भाला फेकत असेल तर त्याला आधी बोलवा. २००८ मध्ये टॅलेंट हंटमधून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले नि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमने त्यांना साइन केलं, दोघेही मूळचे भालाफेकवाले, त्याआधी बेसबॉल खेळलेलेच नव्हते. दोघंही मेजर लीगपर्यंत (एमएलबी, तिथली सगळ्यात वरची लीग) पोचले नाहीत हेही सांगा, उगाच पालकांना स्वप्नं विकू नका.

अंतराचं टेन्शन नको, पिचरची पट्टी ते होमप्लेट (बॅटरसमोरची पाटी) ६० फूट ६ इंच, क्रिकेटमध्ये क्रीज ते क्रीज ५८ फूट, म्हणजे पोरांच्या डोळ्याला ओळखीचंच. फरक एवढाच की इथे टप्पा नाही आणि प्लेट १७ इंच रुंद. पिचरला पहिला सीझन एकच बॉल शिकवा, सरळ, आणि एकच काम, स्ट्राइक, म्हणजे झोनमधून जाणारा बॉल. भिंतीवर खडूने झोन काढा, बॅटरच्या गुडघ्याखालच्या खळगीपासून खांदा नि कमरेच्या मधोमधपर्यंत, रुंदी १७ इंच, आणि दहातले किती आत ते वहीत लिहा. कर्व्ह (हवेत वळणारा बॉल) वगैरे यूट्यूबवरून शिकून येतील तेव्हा सरळ बंदी घाला.

आता कोपर. एमएलबी आणि यूएसए बेसबॉलने मिळून पिच स्मार्ट नावाची नियमावली केलीय, त्यात ११-१२ वर्षांना एका दिवसात जास्तीत जास्त ८५ पिच, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. त्याहून महत्त्वाची विश्रांती, १४ वर्षांपर्यंत २० पिचपर्यंत सुट्टी लागत नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या वर चार दिवस. हे आकडे मुरलेल्या पोरांसाठी, तुमच्या नव्या पोरांना मी ४०-४५ ला थांबवेन. आणि पिचर केलेला पोरगा त्याच दिवशी कॅचर (प्लेटमागचा कीपर) करू नका, कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकत असतो. आपल्याकडे खरी गोची अशी की स्पर्धेत एका दिवसात दोन मॅच लागतात आणि सगळं ओझं एकाच चांगल्या पोरावर येतं, म्हणून चार पिचर तयार ठेवा, दोन बरे आणि दोन कसेबसे चालले तरी. शिवाय त्यातला एखादा संध्याकाळी ऐरोली-वाशीत क्रिकेट अकॅडमीत बॉलिंग करतो, ते तुम्हाला सांगणार नाही, विचारून घ्या आणि तेही मोजा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाला की त्या दिवशी बॉल हातातून काढून घ्यायचा, स्प्रे मारून परत पाठवायचं नाही.

बॅटिंगकडे आता या. इथे माझं एक लाडकं मत आहे. तुमच्या पट्ट्यात, म्हणजे दिवा, रबाळे, घणसोली, तळवली, टेनिस क्रिकेटचा केवढा बाजार आहे, रात्रीच्या टुर्नामेंट, बक्षिसाला बाइक. तिथे खेळणारं पोर बेसबॉलची बॅट लेदर बॉलवाल्यापेक्षा लवकर पकडतं, कारण कंबर फिरवून आडवं मारायची त्याला सवय असते आणि लाज नसते. लेदरवाल्याचं डावं कोपर वर, बॅट सरळ, दोन महिने ‘व्ही’मध्येच खेळतो. पण एक गोष्ट लेदरवाल्या ओपनरकडे असते जी टेनिसवाल्याकडे नसते, सोडणं. बाहेरचा बॉल हात वर करून सोडायला शिकलेला असतो. आपल्या लेव्हलच्या पिचरला स्ट्राइक पडत नाहीत, त्यामुळे जो सोडतो तो फुकट फर्स्टवर जातो. यासाठी ड्रिल सोपं, पिचर टाकतोय, बॅटर उभा आहे पण बॅट फिरवायची नाही, बॉल निम्म्यात असतानाच मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, कॅचरने खरं काय ते सांगायचं. कंटाळवाणं आहे पण पिचरचीही प्रॅक्टिस होते.

टी, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा स्टँड, विकत घेऊ नका. पीव्हीसी पाइप, खाली लाकडी फळी, वर रबरी होज पाइपचा वीतभर तुकडा, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. शाळेची क्रिकेट नेट सैल सोडा, नसेल तर दिवा कोळीवाड्यात जुनं जाळं मागा, दुहेरी करून टांगा, ताणून बांधू नका नाहीतर बॉल परत तोंडावर येतो. टी आधी प्लेटच्या मधोमध, मग आत, मग बाहेर, बाहेरचा बॉल विरुद्ध बाजूच्या फिल्डला, म्हणजे आपल्या ऑफसाइडला, मारायचा, ओढून मिडविकेटला नाही. टेनिसवाल्यांचा स्विंग खालून वर येतो नि डोकं आकाशाकडे जातं, त्यांना सांगा मारून झाल्यावरही टीच्या टोकाकडे बघत राहा. मग बाजूला बसून सॉफ्ट टॉस, म्हणजे हळूच उडवलेला बॉल मारायचा. दोन कान झाकणारं हेल्मेट आणि कॅचरचा पूर्ण सेट नसेल तर लाइव्ह पिचिंगवर बॅटिंग सुरूच करू नका, यात जुगाड चालत नाही, कीपरचं हेल्मेट नि पॅड घालून कॅचर बसवायचा विचारही नको.

पळण्यात क्रिकेटवाले हमखास दोन गोष्टी करतात. एक म्हणजे बॅट हातात घेऊन फर्स्टला पळतात, हसू येतं पण पहिल्या मॅचला तुमचे तिघे तरी करणार. दुसरं म्हणजे फर्स्टला वेग कमी करून थांबतात, तिथे बेसवरून सरळ पुढे पळत जायचं असतं, थांबायचं सेकंड आणि थर्डला. स्लाइड पावसाळ्यात शिकवा, ओल्या गवतावर, जुन्या ट्रॅकपँटवर, बूट काढून मोज्यांवर, लागत नाही आणि पोरांना सुट्टीसारखं वाटतं. बेस चोरायला शाळेच्या खो-खो टीममधली दोन पोरं उचला सर, क्रिकेटवाली नाही. हुलकावणी, एका पायावर दिशा बदलणं, हात लागायच्या आत सुटणं, सगळं त्यांना आधीच येतं. रनडाउनचं ड्रिल घेतलं, म्हणजे दोन बेसच्या मध्ये अडकलेल्याला दोघांनी घेरायचं, तर खो-खोवाला तुमच्या बाकी सगळ्यांना दमवून सोडेल, आणि त्यातून फिल्डर शिकतील की उगाच चार-पाच थ्रो न करता पळत जाऊन टॅग करायचा, म्हणजे बॉल रनरला लावायचा.

फोर्स (रनरला पळावंच लागतं, म्हणून बॉल घेऊन बेसला पाय लावला की आउट) आणि टॅग (बॉल रनरलाच लावावा लागतो) यातला फरक तोंडी शिकवून डोक्यात बसत नाही. रनर उभे करा, तुम्ही बॉल मारायच्या आधी प्रत्येक फिल्डरने मोठ्याने सांगायचं, माझ्याकडे आला तर मी कुठे फेकणार. न सांगणाऱ्याने एक राउंड. ग्राउंडर मारायला तुमची क्रिकेटची बॅटही चालेल, सपाट असल्यामुळे उलट बरी, जिथे पाहिजे तिथे जातो.

ग्लोव्हचं शेवटचं. शाळेने पैसे दिले तर आधी कॅचरचं मिट (वेगळी बोटं नसलेला मोठा ग्लोव्ह) आणि फर्स्ट बेसचं मिट घ्या, साधे नंतर. आणि मोजताना बघा की ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात जातो, म्हणजे डावखुऱ्या पोराला उजव्या हाताचा लागतो, सातही ग्लोव्ह एकाच हाताचे निघाले तर तो बिचारा उलटा ग्लोव्ह घालून रडतखडत खेळत राहील. डावखुरा आणि उंच असेल तर त्याला डोळे झाकून फर्स्टला उभा करा. तुमच्याकडे लेफ्टी किती आहेत आणि स्पर्धा कधी आहे ते कळवा, त्याप्रमाणे पोझिशन सांगतो.